चाकाखालचे लिंबू

दसरा-दिवाळीचा मुहूर्त साधून नवी मोटार दारात आणायची, अशी आपल्याकडे आता रीतच पडून गेली आहे. पूर्वी पाडव्याला सोन्याचा एखादा वेढा येई, फार तर सायकल येई. आता मोटार येते. मग तिला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढ्यात फोडलेला नारळ आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू! घरातल्या लेकीसुना तिला ओवाळतात, पेढे वाटले जातात आणि पहिली फेरी देवाची होते. आमच्या खोडाळ्याकडे ही पहिली फेरी बहुधा देवबांधच्या गणपतीची असते. या रीतीबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. नवी वस्तू घरात आली म्हणजे माणसाला आनंद व्हावा आणि त्या आनंदात देवाची आठवण व्हावी, यात वाईट ते काय? माझे भांडण निराळेच आहे. जे काम कारखानदाराने करायचे, दुकानदाराने पाहायचे आणि सरकारने तपासायचे, ते सगळे आपण त्या चार लिंबांवर सोपवून मोकळे झालो आहो, हे माझे भांडण आहे.

फराळाच्या ताटात मी कारल्याची फोड वाढतो आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु हा अंक मिटून बाजूला ठेवल्यावर आपल्यापैकी कित्येक मंडळी मुलाबाळांसह मोटारीत बसून आजोळी, भाऊबीजेला किंवा देवदर्शनाला निघणार आहेत. तेव्हा ही गोष्ट बोलायची तर ती आजच बोलली पाहिजे.

आधी माझी हकीकत थोडक्यात सांगतो. गेल्या वर्षी दसऱ्याला आम्ही मोटार घेतली. किंमत नऊ लाखांच्या घरात. थोडी माझी साठवण, बाकी मुलाच्या नावावर बँकेचे कर्ज. मोटार कोणत्या कंपनीची आणि दुकान कोणत्या शहरातले, हे मी मुद्दामच सांगत नाही. नाव सांगितले की वाचक म्हणतील, 'बरे झाले, आमची त्या कंपनीची नाही!' आणि निश्चिंत होतील. मला कोणाला निश्चिंत करायचे नाही.

तिसऱ्याच आठवड्यात त्र्यंबकेश्वराहून मोखाड्याकडे येताना, तोरंगणच्या घाटात ब्रेकचे पेडल एकाएकी दगडासारखे घट्ट झाले. सगळा भार पायावर घातला तेव्हा कुठे गाडी मंदावली. खाली सपाटीवर आलो, थोडे थांबलो, तो पेडल पूर्ववत मऊ. पुढे विहिगावच्या वळणांवर पुन्हा तेच. त्याच सुमारास समोरच्या पाटीवर एअरबॅगचा लाल दिवा लागला तो कधी विझे, कधी पेटे. तेव्हापासून आजपर्यंत मी सहा वेळा गाडी दुकानाच्या वर्कशॉपात नेली आहे. प्रत्येक खेपेला एक दिवस, पेट्रोल आणि रक्त आटवून परत आलो आहे. सहाही कागदांवर एकच मंत्र लिहिलेला आहे: 'ट्रायल घेतली, ओके.'

हे 'ओके' कसे होते, ते जरा समजून घेण्याजोगे आहे. मोटारीचा ब्रेक आपण नुसत्या पायाच्या जोराने लावत नाही. इंजिन चालू असताना निर्माण होणारी निर्वात पोकळी एका डब्यात साठवलेली असते, आणि ती आपल्या पायाचा जोर कित्येक पटींनी वाढवते. वर्कशॉपातली पोरे तिला 'बूस्टर' म्हणतात. इंजिनापासून या डब्यापर्यंत येणारी नळी किंवा तिच्यावरची एकेरी झडप सदोष असली, की साठा हळूहळू भरतो आणि भराभर संपतो. सपाट रस्त्यावर एकदोनदा ब्रेक दाबले तर काहीच कळत नाही, साठा पुरतो. घाटउतारावर दर वळणाला ब्रेक दाबावा लागतो. तिथे साठा संपतो, आणि माणूस एकदम आपल्या उघड्या पायाच्या ताकदीवर येतो. आता शहरातल्या वर्कशॉपाचा मनुष्य गाडी घेऊन जातो कुठे? चौकापर्यंत आणि परत. तेवढ्यात दोनदा ब्रेक दाबतो आणि 'ओके' लिहितो. मी म्हटले, 'माझ्याबरोबर घाटात चला.' तर उत्तर मिळाले, 'काका, ट्रायलला इतक्या लांब जायची आम्हांला परवानगी नाही.' म्हणजे रोग घाटात आणि वैद्य चौकात!

एअरबॅगच्या दिव्याचा उपाय तर याहून सोपा. गाडीला संगणक जोडायचा, आत नोंदलेला दोष पुसायचा, की दिवा विझतो. आसनाखालचा एखादा जोड सैल आहे की स्टिअरिंगमधली तार तुटली आहे, हे पाहायला आसन उचकटावे लागते, चाक उघडावे लागते. त्याला वेळ लागतो. दिवा विझवायला पाच मिनिटे पुरतात. आठ दिवसांनी तो पुन्हा लागतो. तो लाल दिवा म्हणजे 'ऐन वेळी ही पिशवी फुगेलच असे नाही' अशी गाडीनेच दिलेली लेखी कबुली असते. ती कबुली पुसून टाकणे याला दुरुस्ती म्हणतात, हे मला या वयात कळले.

कोणी म्हणेल, 'यंत्र आहे, बिघडायचेच.' मान्य. काच वर होत नसती, रेडिओ खरखरत असता, तर मी हा लेख लिहिला नसता. पण ब्रेक हा काही रेडिओ नव्हे. आमच्या भागात मोटार म्हणजे चैन नाही, हेही शहरातल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. खोडाळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, जव्हारला कुटीर रुग्णालय आहे. परंतु केस हाताबाहेर गेली की कागदावर 'नाशिक' असे लिहिले जाते, आणि नाशिक म्हणजे घाट. रात्रीअपरात्री एखादी बाळंतीण अडली, कोणाला सर्पदंश झाला, आणि रुग्णवाहिका दुसऱ्या खेपेवर गेलेली असली, तर ज्याच्या दारात चार चाके आहेत त्याच्या दाराची कडी वाजते. माझ्या दाराची या पावसाळ्यात दोनदा वाजली. दोन्ही वेळा मी शेजाऱ्याला उठवून त्याची जुनी जीप काढायला लावली. दारात नवी कोरी मोटार उभी असताना हा जीप का शोधतो, हे त्या घाबरलेल्या माणसांना कळेना. त्यांना बूस्टर समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती.

शेवटच्या खेपेला वर्कशॉपातल्या साहेबांनी खुर्ची जवळ ओढून मला एक हितोपदेश केला. 'काका, तुमचे समाधानच होत नसेल तर गाडी एक्स्चेंजला काढा ना! चांगला भाव आहे. नवीन मॉडेल देतो.' मी विचारले, 'आणि ही गाडी घेणाऱ्याला तुम्ही ब्रेकचे सांगणार का?' साहेब हसले. वाचकहो, त्या हसण्यात या सगळ्या व्यवहाराचे मर्म आहे. दोष नाहीसा करायचा नाही. तो दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा. मग तो दुसरा कोण? नव्या गाडीची ऐपत नसलेला एखादा मास्तर, एखादा भाजीवाला, एखादा नोकरीला लागलेला आदिवासी तरुण. हप्ते मी फेडावेत आणि मरण त्याने घ्यावे! मी गाडी काढली नाही. ती दारात उभी आहे, बँकेचा हप्ता दरमहा जातो आहे, आणि गावात माझी गणना अर्धवट म्हाताऱ्यांत होऊ लागली आहे. होवो बापडी.

परंतु हे गाऱ्हाणे माझ्या एकट्याचे असते तर मी ते चावडीवर सांगितले असते, दिवाळी अंकात नव्हे. प्रश्न असा आहे, की विकून झालेल्या वस्तूतल्या जीवघेण्या दोषाचा धनी कोण?

अमेरिकेत हा प्रश्न 1965 साली राल्फ नादर नावाच्या एका तरुण वकिलाने विचारला. अपघात झाला की दोष चालकाचा, असे तोवर तिथेही सर्वमान्य होते. नादरने पुस्तक लिहून दाखवून दिले, की कित्येक गाड्यांची रचनाच घातक आहे आणि कारखानदारांना ते ठाऊक आहे. सर्वांत बलाढ्य कंपनीने त्याच्यामागे गुप्तहेर लावले. त्याचा परिणाम उलटाच झाला: 1966 साली मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला आणि कंपनीला पुढे त्याला भरपाई मोजावी लागली. तरी मूळ खोड जात नाही. त्याच जनरल मोटर्सच्या लाखो गाड्यांतला किल्लीचा खटका चालता चालता इंजिन बंद करी आणि एअरबॅगही निकामी करी. कंपनीतल्या माणसांना तो दोष दहा वर्षांहून अधिक काळ ठाऊक होता; गाड्या परत बोलावल्या 2014 साली. कंपनीच्याच भरपाई निधीने त्यापायी 124 मृत्यू मान्य केले. तो दोष काढायला लागणारा सुटा भाग एका डॉलरच्या आतल्या किमतीचा होता.

आणि इथे मला आपले लिंबू पुन्हा आठवते. अमेरिकेत वारंवार दुरुस्त करूनही न सुधारणाऱ्या नव्या मोटारीलाच 'लिंबू' म्हणतात. 1982 साली कनेक्टिकट राज्याने 'लिंबू कायदा' केला, आणि पुढे तिथल्या सर्वच राज्यांनी या ना त्या रूपात तो केला. ठरावीक मुदतीत, ठरावीक वेळा दुरुस्तीची संधी देऊनही दोष राहिला, तर गाडी परत घ्या किंवा पैसे परत करा, असा त्याचा मथितार्थ. ब्रेकसारख्या प्राणाशी गाठ असलेल्या दोषाला तर कित्येक ठिकाणी आणखी कमी संधी मिळते. त्यांनी लिंबाचा कायदा केला. आपण लिंबू चाकाखाली चिरडतो आणि गाडी चालवतो.

आपल्याकडे काहीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. खोटे बोलून भांडण जिंकता येत नाही. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि 110-अ हे कलम आले. माणसांना इजा होण्याजोगा दोष आढळला, तर त्या जातीच्या सगळ्या गाड्या परत बोलावण्याचा हुकूम केंद्र सरकार देऊ शकते. कारखानदाराने पैसे द्यावेत, बदली गाडी द्यावी किंवा दुरुस्त करून द्यावी. 2021 च्या एप्रिलपासून त्याचे नियमही लागू झाले. त्याआधी सारा कारभार कारखानदारांच्या संघटनेने 2012 साली स्वखुशीने आखलेल्या संहितेवर चाले. म्हणजे मांजरीनेच दुधाचा हिशेब ठेवायचा. आता कायदा आहे, लाखांपासून कोटीपर्यंत दंड आहे, तक्रार नोंदवायला सरकारी पोर्टल आहे.

मग अडले कुठे? अडले ते संख्येवर. एकाच जातीच्या किती गाड्या विकल्या, त्या प्रमाणात ठरावीक तक्रारी साचल्या म्हणजे चौकशीचे चाक हलायचे, अशी नियमांची घडण आहे. आमच्या खोडाळ्यात माझ्या जातीच्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली एक घाटात जाते. मुंबईच्या सपाटीवर धावणाऱ्या हजारो मालकांना हा दोष कदाचित कधी कळणारही नाही. म्हणजे डोंगरातल्या माणसाचा ब्रेक गेला, तर तो गेला असे ठरायला त्याला सपाटीवरच्या माणसांची सोबत हवी! देवीच्या रोग्याच्या घरच्यांना 'गावात आणखी हजार रोगी होऊ देत, मग लस देतो' असे कोणी सांगितले असते काय?

दुसरे दार ग्राहक न्यायालयाचे. तिथेही न्याय आहे, पण तो फार वळणे घेत येतो. 2006 साली मारुतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वॉरंटीच्या अटींप्रमाणे कंपनीवर सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे बंधन आहे. अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. गोव्याच्या एका गृहस्थाने 2011 सालची नवी गाडी म्हणून पैसे मोजले आणि त्याला 2009 सालची, 622 किलोमीटर धावलेली, बुडाला गंज चढलेली गाडी मिळाली. खालच्या मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत तो जिंकला. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हे कृत्य विक्रेत्याचे, टाटा मोटर्सवर त्याची जबाबदारी येत नाही. कारण दोघांचे नाते धनी आणि नोकराचे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पाहा. जाहिरात कंपनीची, पाटी कंपनीची, विक्रेत्याच्या सदऱ्यावरची मुद्रा कंपनीची. आणि तक्रार घेऊन गेलो की हे दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत! माझ्या सहा खेपांत दुकानदार म्हणाला, 'कंपनीची मंजुरी नाही'. कंपनीला लिहिले, तर उत्तर आले, 'विक्रेत्याशी संपर्क साधा.'

मात्र याच न्यायालयाने 2022 च्या एप्रिलमध्ये आशेचा एक किरणही दाखवला. ह्युंदाईची एक गाडी 2017 साली दिल्ली-पानिपत रस्त्यावर आदळली आणि एअरबॅगा उघडल्याच नाहीत. कंपनीचा बचाव असा, की धडक पुरेशा जोराची नव्हती. न्यायालय म्हणाले, की वेग आणि आघात यांचे गणित मांडायला ग्राहक काही पदार्थविज्ञानाचा पंडित नसतो. तीन लाख रुपये भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा खालचा निर्णय कायम राहिला. हे वाक्य प्रत्येक वर्कशॉपाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे, असे मला वाटते. पण हेही विसरता येत नाही, की त्या गृहस्थाला न्याय मिळाला तो अपघात झाल्यावर. माझी मागणी अपघाताच्या आधीच्या न्यायाची आहे.

'पण बहुतेक अपघात चालकाच्या चुकीने होतात ना?' असे एक ठेवणीतले उत्तर असते. सरकारी अहवालाप्रमाणे 2022 साली देशात 1,68,491 माणसे रस्त्यांवर मेली, आणि त्यांतल्या बहुसंख्य मृत्यूंपुढे 'अतिवेग' हेच कारण लिहिलेले आहे. मी ते नाकारत नाही. माणसे बेदरकार चालवतात, पट्टे बांधत नाहीत. आमच्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, 4 सप्टेंबर 2022 रोजी सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते आणि ते दोघेही गेले. त्या दिवसापासून देशाला मागच्या आसनाचा पट्टा आठवला. पट्टा बांधलाच पाहिजे. पण चालकाची चूक कबूल केली म्हणून कारखान्याची चूक माफ होत नाही. उलट, घाटात पेडल दगड झाले आणि गाडी दरीत गेली, तर पंचनाम्यात लिहितील ते 'भरधाव वेग' असेच. मेलेला मनुष्य पेडल घट्ट होते म्हणून सांगायला येत नाही. त्या आकड्यांत असे किती मुके साक्षीदार आहेत, हे कोणी मोजले आहे?

'फार कडक झालात तर गाड्या महागतील,' हे दुसरे उत्तर. 2014 साली परदेशी परीक्षकांनी आपल्याकडच्या पाच लोकप्रिय मोटारी भिंतीवर आदळून पाहिल्या. पाचही शून्य तारे! त्यांतल्या पोलोच्या कारखानदाराने लाजेकाजेने एअरबॅग नसलेली गाडी विकणे थांबवले. दोन एअरबॅगा असलेल्या त्याच गाडीला चार तारे मिळाले. म्हणजे करायचे मनात आणले तर येते. ते मनात आणण्यासाठी चारचौघांत लाज निघावी लागते. 2023 पासून आपली स्वतःची 'भारत एनकॅप' परीक्षा सुरू झाली, ही चांगली गोष्ट झाली. पण ती परीक्षा नमुन्याच्या गाडीची. माझ्या दारातल्या गाडीची परीक्षा कोण घेणार?

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि आग यांच्याबाबतीत एकाही मालकाची तक्रार चौकशीला पुरेशी मानावी. संख्येची वाट पाहू नये. असला दोष दोन खेपांत गेला नाही, तर गाडी परत घेऊन पैसे द्यावेत, आणि दोष नव्हता हे सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर असावे. गिऱ्हाइकापुढे कंपनी आणि विक्रेता यांना एकच समजावे. आपसांत त्यांनी खुशाल भांडावे. आणि सुरक्षिततेच्या तक्रारीची नोंद गाडीच्या चासिस क्रमांकापुढे कायमची राहावी, म्हणजे ती गुपचूप एखाद्या गरिबाच्या गळ्यात मारता येणार नाही.

हे होईपर्यंत आपल्या हातात काय आहे? थोडे आहे, पण आहे. वर्कशॉपाच्या कागदावर तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्या. 'ओके' लिहिलेल्या कागदावर 'समाधान झाले नाही' असे लिहूनच सही करा. प्रत्येक कागदाची प्रत जपा. ज्या रस्त्यावर दोष येतो त्याच रस्त्यावर ट्रायल घ्या, अशी लेखी मागणी करा. नाकारली तर नकारही लेखी मागा. केंद्राच्या पोर्टलवर तक्रार टाका, 1915 या क्रमांकावर ग्राहक साहाय्यवाणीला कळवा. 2019 च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेच दाद मागता येते. पाच ते दहा लाखांच्या गाडीला दाव्याची फी दोनशे रुपये आहे. मुदत मात्र दोन वर्षांची, हे विसरू नका. 'पुढच्या सर्व्हिसला बघू' या गोड वाक्यात ती दोन वर्षे सहज निघून जातात. मी माझा अर्ज तयार केला आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर तो दाखल झालेला असेल.

या पाडव्याला तुमच्या दारात नवी मोटार येणार असेल, तर तिला जरूर ओवाळा. माझ्या तिला शुभेच्छा आहेत. पण नारळ फोडून झाला, पेढा तोंडात पडला, की किल्ली देणाऱ्या त्या हसतमुख साहेबांना सगळ्यांच्या देखत एक प्रश्न विचारा: 'ब्रेकमध्ये खोट निघाली, तर तुमच्यापैकी कोणाकडे यायचे, ते आत्ताच लिहून द्या.' त्यांनी लिहून दिले तर कागद नीट ठेवा. नाही दिले, तर किल्ली अजून त्यांच्याच हातात आहे. ती तशीच राहू द्या.